झीलकऱ्याचा पोवाडा

डफ गॅसवर शेकायचा तर ज्योत बारीक हवी आणि हात सतत फिरता. एका जागी थांबलं की चामडं करपतं, आणि करपलेलं चामडं पुन्हा कधी नीट बोलत नाही. मामा शेकत होते, मी बघत होते. घाटकोपरच्या भटवाडीतली त्यांची वरची खोली, बाहेर जुलैअखेरचा पाऊस, आत ओल्या कपड्यांचा आणि तापल्या चामड्याचा वास. मधूनमधून ते डफ कानाशी नेत, बोटाने एक टिचकी मारत आणि मान हलवून परत ज्योतीवर धरत.

१ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती. मुलुंडच्या एका मंडळाने माझी तारीख घेतली होती. माझा नेहमीचा झीलकरी आईच्या आजारपणासाठी गावी गेलेला, म्हणून मी मामांकडे आले होते. पोवाड्यात मुख्य शाहीर ओळ टाकतो. मागचे दोघे-तिघे तिचा शेवट उचलून वर नेतात, ‘जी जी’ म्हणत सूर धरून ठेवतात. ती झील. शाहिराला श्वास घ्यायला सवड मिळते ती तेवढ्यातच. मामांनी चाळीस वर्षं झील दिली. दिवसा विक्रोळीच्या कारखान्यात पाळी, रात्री कार्यक्रम. पत्रिकेवर त्यांचं नाव कधी छापून आलं नाही, ‘आणि सहकारी’ एवढ्यातच ते असायचे.

मी त्यांना गाण्यांची यादी वाचून दाखवली. गण, शिवरायांचा एक पोवाडा, ‘माझी मैना’, एक भारूड, शेवटी ‘जय जय महाराष्ट्र माझा’.

मामा : यादी चांगली आहे. ह्यात तुझं काय आहे?

मी : सगळं मीच तर गाणार आहे.

मामा : गाणार तू. केलेलं कुणाचं?

मी : मामा, मंडळानं स्पष्ट सांगितलंय, ओळखीचंच घ्या. आणि खरं सांगू का, मलाही तेच पटतं. कलिन्याला लोककला अकादमीत मी काय शिकले? गोंधळात आवाहनं कोणत्या क्रमानं येतात, भराभर म्हणायचा कटाव कुठे सुरू करायचा, श्वास कुठे चोरायचा. हे सांगणारी माणसं एकेक करून चालली आहेत. नवी गाणी काय, कुणीही करेल. जुनं सांभाळणारे किती उरलेत?

मामा : नवी गाणी कुणीही करेल असं तुला वाटतं, म्हणजे तू अजून केलेलं नाहीस.

ते रागावून बोलले नव्हते. डफ फिरवत फिरवत म्हणाले. पण मला ते लागलं आणि मी जरा तावातावाने बोलायला लागले.

मी : गेल्या नवरात्रात अंधेरीच्या एका सोसायटीत जागरण-गोंधळ केला. पूर्वी रात्रभर चालायचा. आता २००० सालचे आवाजाचे नियम आहेत, दहाला स्पीकर बंद. आठला सुरू केलं. पाहुणे जेवून येईपर्यंत पावणेनऊ. सव्वा तासात चौक, घट, सगळ्या देवांना बोलावणं, आख्यान आणि आरती. आख्यानाचं मी काय केलं असेल? चार वाक्यांत सांगितलं. संबळ वाजवणारे काका परतताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. असं दरवर्षी थोडं थोडं कापलं जातंय. उद्या पूर्ण आख्यान कुणाला येत होतं, हे सांगायलाही माणूस नसेल. अशा वेळी मी माझी गाणी रचत बसू?

मामा : कापणं वाईट झालं. ते मी नाही म्हणत नाही. पण मला एक सांग, अज्ञानदासाचा अफझलखानाचा पोवाडा जुना का नवा?

मी : सगळ्यांत जुना. हाती आलेल्या पोवाड्यांत त्याच्याआधीचा नाही.

मामा : आज जुना. त्यानं डफावर थाप मारली तेव्हा? १६५९ साली प्रतापगडाखाली खान पडला आणि त्याच पिढीतल्या माणसांसमोर हा उभा राहून सांगतोय. ती बातमी होती पोरी. ऐकणाऱ्याला पुढं काय झालं ते कळून घ्यायचं होतं. शाहिराचं काम ते. आपल्या डोळ्यांपुढं जे घडलं ते चालीवर बसवून चौकात सांगायचं. तू अज्ञानदासाचा पोवाडा म्हणतेस, पण त्यानं जे केलं ते करत नाहीस.

मी : पण तो पोवाडा माझ्यापर्यंत आला कसा? कुणीतरी जपला म्हणूनच ना! शंकर तुकाराम शाळिग्राम आणि अॅक्वर्थ साहेब यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचं पुस्तक छापलं. हा हॅरी अॅक्वर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय आहे ना, ते त्याच्याच नावाचं. शहराची गटारं, पाणी, साथी बघायच्या आणि त्यातून हे. त्यानं पोवाड्यांचं इंग्रजीही केलं, १८९४ मध्ये. ही माणसं नसती तर तुमच्या त्या बातमीचं काय झालं असतं? पावसात विरघळली असती.

मामा : कमिशनरनं? हे मला माहीत नव्हतं.

मी : आणि तिकडे शिकागोत पोलीस प्रमुखानं. फ्रान्सिस ओनील नाव. मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा. शिकागोत तेव्हा आयरिश माणसं पोटासाठी आलेली, कुणी शिपाई, कुणी मजूर, आणि प्रत्येकाच्या डोक्यात आपापल्या गावच्या चाली. ओनीलनं त्या जमवल्या. १९०३ साली पुस्तक काढलं, १,८५० चाली. गावात ज्या विसरल्या गेल्या त्या शिकागोच्या पुस्तकात राहिल्या.

मामा : म्हणजे आपल्या गिरणगावासारखंच की. सातारचा एक, कोकणातला एक, नगरचा एक, एका खोलीत वीस जण, आणि प्रत्येकाचं भजन वेगळं. (थोडं थांबून) कॉर्क म्हणालीस? विठ्ठल उमप तिथं गेले होते.

हे त्यांनी असं सांगितलं, जसं शेजारच्या आळीतलं कुणी कुर्ल्याला जाऊन आलं. पण खरंच आहे ते. १९८३ मध्ये कॉर्कला लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला. त्यात नायगावात जन्मलेले शाहीर विठ्ठल उमप भारताकडून गेले आणि पहिलं पारितोषिक घेऊन आले. ज्या परगण्यातून ओनील डोक्यात चाली घेऊन बाहेर पडला, तिथेच मुंबईच्या चाळीत वाढलेला गळा जाऊन गायला. मला हे आधी वाचून माहीत होतं, पण त्या खोलीत, डफ शेकणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला.

मी : मग बघा. आयरिश लोक काय करतात ते ऐका. संध्याकाळी एखाद्या दारूच्या गुत्त्यात दहाबारा वाजवणारे गोल करून बसतात. फिडल, शिट्टीसारखी बासरी, आणि बाउरॉन. बाउरॉन म्हणजे आपला डफच, बकऱ्याचं चामडं, फक्त लाकडी काडीनं वाजवतात. त्यालाही पावसाळी हवा चालत नाही, तोही सैल पडतो. एक जण चाल सुरू करतो, बाकीचे उचलतात. चाल कुणाकडून शिकलो हे आवर्जून सांगतात. नवख्यानं आधी नुसतं ऐकायचं. तिथे कुणी उठून ‘मी एक नवीन रचलंय’ म्हणत नाही.

मामा : तोंड कुठं असतं त्यांचं?

मी : कुणाचं?

मामा : वाजवणाऱ्यांचं. गोल बसले म्हणजे एकमेकांकडं बघतात. ते छान आहे, आपलं भजनी मंडळही तसंच बसतं. पण शाहीर उभा असतो. त्याचं तोंड लोकांकडं. समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याला कळतं की ही ओळ लागली, ही नाही लागली. आणि मला हे सांग, त्यांच्यात नवं कुणीच करत नाही? अख्ख्या देशात?

इथे मला खोटं बोलता आलं नसतं.

मी : करतात. एक गाणं आहे, ‘द फील्ड्स ऑफ अॅथेनराय’. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळावरचं. भुकेल्या पोरांसाठी धान्य चोरणारा नवरा, काळ्या पाण्यावर निघालेलं जहाज. फुटबॉलच्या मैदानात हजारो माणसं एकसाथ म्हणतात. कित्येकांना वाटतं ते त्या दुष्काळातलंच आहे. ते पीट सेंट जॉन नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात लिहिलं.

मामा : आणि लोकांना तो माहीत नाही?

मी : गाणं माहीत आहे. माणूस फार थोड्यांना.

मामांनी गॅस बंद केला. डफ मांडीवर घेतला. मला वाटलं आता जिंकल्यासारखं काही बोलतील. पण त्यांनी माझ्या यादीवर बोट ठेवलं.

मामा : हे ‘माझी मैना’. तू ह्याला जुन्यात धरलंयस. इथून खाली उतर, दहा मिनिटांवर चिरागनगर. तिथल्या झोपडीत अण्णा भाऊ राहायचे. वाटेगावाहून बापासोबत पायी मुंबईला आलेला माणूस. छक्कड हा प्रकार जुना, तमाशातला. नवरा पोटासाठी मुंबईला, बायको गावाकडं, हे दुःखही जुनं. पण त्या मैनेत त्यांनी बेळगाव-कारवार बसवलं. आपल्यापासून तुटलेला मुलूख म्हणजे गावाकडं राहिलेली बायको! संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणसं ऐकत उभी राहायची. आणि गण? गणात गणपती असतो हे अण्णा भाऊंना माहीत नव्हतं? तमाशाच्या घरात वाढलेला माणूस तो. त्यांनी गणपतीच्या जागी मायभूमी आणली, कष्टकरी आणले. १९४४ ला अमर शेख, गव्हाणकर आणि ते, तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं तेव्हा जुनी माणसं म्हणालीच असतील, हा तमाशा नाही म्हणून. आज तू तेच ‘पारंपरिक’ म्हणून गातेस.

मी : कारण त्यांना जुनं येत होतं, मामा! गण कुठे असतो हे माहीत होतं म्हणून तर तो बदलता आला. आज काय होतं? सिनेमाची चाल उचलायची, वर शब्द बसवायचे, खाली बेंजो पार्टी. १४ एप्रिलला घाटकोपर ते मुलुंड फिरा, दहा मंडपांत एकच चाल ऐकू येईल. शब्द चांगले असतात, पोटतिडकीचे असतात, पण चाल उसनी. ह्याला नवं म्हणायचं?

मामा गप्प बसले. ही गप्प बसण्याची वेळ त्यांची होती, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे घेतली.

मामा : हे तुझं बरोबर आहे. आम्हीही केलं तसं. लोक टाळ्या लवकर वाजवतात ओळखीच्या चालीला. माझ्या उस्तादांकडं कटावाच्या सात-आठ तऱ्हा होत्या. मला आज दोन येतात. बाकीच्या मी वापरल्या नाहीत म्हणून गेल्या. कुणी कापल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, की मी कधीच काही केलं नाही का. आणि मी ते सांगितलं, जे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी बोरिवलीत एका कार्यक्रमात मी स्वतःचं एक गाणं म्हटलं होतं. पहाटेच्या लोकलने भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जाणाऱ्या बायकांवरचं. चाल ओवीच्या अंगाची, माझी. दुसरं कडवं संपायच्या आत आयोजक विंगेतून हाताने खूण करायला लागले : आटपा, लावणी घ्या. समोरच्या रांगेतली दोन माणसं उठून चहाला गेली. मी तिसरं कडवं गायलेच नाही. घरी येऊन ती वही पोटमाळ्यावर टाकली.

मी : तेव्हापासून ठरवलं. ज्याला शंभर वर्षं लोकांनी पारखलंय तेच गायचं. त्यात माझा अपमान होत नाही.

मामा : दोन माणसं उठली. बसलेली किती होती?

मी : तीनशे असतील.

मामा : त्यांच्याकडं बघितलंस?

मी बघितलं नव्हतं. मी विंगेकडे बघत होते.

मामांनी भिंतीवरचं तुणतुणं काढलं. लाकडाचं नळकांडं, तळाला चामडं, बाजूला काठी, एक तार, वर एक खुंटी. एवढंच. ते खुंटी पिळत डफाच्या सुराशी तार मिळवू लागले. तार जरा वर गेली, मग खाली, मग नेमकी जागेवर बसली आणि खोलीतलं भांडं किंचित वाजलं. तार मिळवताना माणसाला तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही. मला वाटतं म्हणूनच पुढचं ते बोलू शकले.

मामा : ११ जुलै १९९७. इथून जवळच, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. मी त्यांना ऐकलं होतं. एकतारी घेऊन उभा राहिला की पोरंटोरं खेळ टाकून यायची. आनंद पटवर्धनांनी पुढं १४ वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला, त्याची सुरुवातच त्यांच्यापासून आहे. त्या आठवड्यात आमची एका ठिकाणी सुपारी होती. सहा महिन्यांपूर्वी ठरलेली. उस्तादांनी सिंहगडाचा पोवाडा म्हटला, आम्ही झील दिली. समोर बसलेली माणसं रमाबाईवरून आलेली. त्यांच्या डोळ्यांकडं बघत मी ‘जी जी’ म्हणत होतो. तानाजी मोठाच. पण त्या रात्री त्यांना तानाजी नको होता. आमच्याकडं दुसरं काही तयार नव्हतं. ते मला आजवर बोचतंय.

पावसाचा जोर वाढला. खालच्या गल्लीत कुणीतरी मोटारसायकल ढकलत नेत होतं. मी काही बोलले नाही. ह्यावर काय बोलणार? माझी बाजू अजूनही मला खरी वाटते. सात-आठ कटाव हवेतच, आख्यान पूर्ण यायलाच हवं. पण त्या रात्रीच्या मंडपात माझ्याकडेही सिंहगडच निघाला असता.

मी : त्यानंतर तुम्ही काही केलंत?

मामा : एक. एकच. २६ जुलैचा.

मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नसावं. २००५ च्या २६ जुलैला मामा अंधेरीत होते, गणपतीतल्या कार्यक्रमाच्या तालमीला. दुपारी लोकल थांबल्या. त्या दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ते अंधेरीहून साकीनाका, असल्फा असे चालत निघाले, आज ज्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते त्याच रस्त्याने. डफ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डोक्यावर धरलेला. कमरेपर्यंत पाणी, कुठे छातीपर्यंत. रस्त्याकडेच्या झोपड्यांतली माणसं दोर बांधून अनोळखी लोकांना पलीकडे नेत होती, पत्र्यावर स्टोव्ह ठेवून चहा देत होती. साकीनाक्याला दरड कोसळून कितीतरी माणसं गेली, ते त्यांना घरी पोचल्यावर कळलं.

मामा : महिनाभर पाळीवर मशीनच्या तालावर जुळवत होतो. ९४४ मिलिमीटर काही केल्या बसेना. ‘मिलिमीटर’ शब्द पोवाड्यात कसा घेणार? जीभ अडते. तीन दिवस अडलो. मग एका म्हाताऱ्या फिटरनं सांगितलं, अरे, इंचात कर. केलं. ‘सदतीस इंच’! असं बसलं म्हणतेस, डफाच्या थापेवर नेमकं. उस्तादांनी त्या गणपतीत चार मंडपांत म्हटला. साकीनाक्याच्या मंडपात एक बाई उठून म्हणाली, आमच्या आळीत मुसलमान पोरांनी दोर टाकला, ते घ्या की. दुसऱ्या दिवशी घेतलं. असल्फाला पोवाड्याचा आणखी एक चौक वाढला. चौथ्या मंडपापर्यंत सहाचे नऊ झाले. मी रचलेला असा राहिलाच नाही तो.

मी : कुठे लिहून ठेवलाय?

मामा : नाही ठेवला.

मी : कॅसेट?

मामा : नाही गं. पुढच्या वर्षी एकदा म्हटला. मग लोकांना नको झालं ते आठवणं. उस्ताद गेले. संपलं. त्याचं काम झालं होतं.

मी : काम झालं म्हणजे काय, मामा! नऊ चौक होते! चार वस्त्यांतल्या माणसांनी सांगितलेले! अॅक्वर्थ आला नाही म्हणून ते गेलं असं म्हणायचं का आता? तुम्ही मला सांगता नवं कर, आणि केलेलं तुम्ही असं टाकून दिलंत?

मी जवळजवळ ओरडलेच. मामी आतून डोकावून गेल्या. मामांनी तुणतुणं खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, चाळीस वर्षं मागे उभ्या राहिलेल्या माणसाला कुणीतरी पुढे ये म्हटल्यासारखं.

मामा : ध्रुपद आठवतं. पहिला चौक आठवतो. दुसऱ्यात... दुसऱ्यात साकीनाका होतं.

मी पिशवीतून वही काढली. नव्या पानावर ‘साकीनाका’ लिहिलं, खाली जागा सोडली. फोन ध्वनिमुद्रणाला लावून भांड्यांच्या फळीवर ठेवला. मुलुंडच्या मंडळाला कळवायचं राहिलं होतं, की यादीत आणखी एक येईल आणि त्याला ओळखीचं म्हणता येणार नाही. ते नंतर.

डफ अजून ऊबदार होता. मामांनी तो उचलला, उभे राहिले. इतकी वर्षं त्यांना मी नेहमी कुणाच्या तरी खांद्यामागे पाहिलं होतं. आता खोलीत पुढे तेच आणि समोर फक्त मी. त्यांनी थाप मारली, पहिली ओळ टाकली. आवाज चिरका होता, पण ‘सदतीस इंच’ खरंच थापेवर नेमका पडला. ओळीच्या शेवटी ते सवयीने थांबले, मागून कुणीतरी उचलेल म्हणून.

मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि झील दिली.